हात न लावता

“हात लावायचा नाही,” आप्पा म्हणाले.

मी पुढे केलेला हात मागे घेतला. समोर कमरेएवढ्या उंचीचे दोन लाकडी दांडे होते, एक डावीकडून आलेला, एक उजवीकडून, आणि त्यांच्यामधून सायकल हातात धरून नागमोडी काढता येईल एवढीच फट. पलीकडे एक लहान डांबरी रस्ता आमची वाट ओलांडून खेड्याकडे गेला होता. मोटारींनी सायकलींच्या वाटेवर शिरू नये म्हणून रस्ता आला की त्याच्या अलीकडे आणि पलीकडे असे दांडे बसवलेले होते. आम्ही त्याला फाटक म्हणू लागलो.

इथपर्यंत आप्पा, माझे सासरे, सायकलवर अगदी मजेत आले होते. पाठ ताठ, खांदे सैल, टोपीची कड जराशी वर. सायकलवरून उतरले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि त्यांचे पाय जमिनीला चिकटले. टाचा उचलल्या जात होत्या, गुडघे थरथरत होते, पण पाऊल काही पुढे पडेना. कंपवातात असं होतं. चालायचं आहे हे माणसाला ठाऊक असतं, पायांना मात्र ते कोणी कळवलेलं नसतं.

“शुभदा, तू त्या फुलांकडे बघ.”

“कुठली फुलं, आप्पा?”

“असतील की कुठलीतरी. माझ्याकडे नको बघू.”

मी कुंपणाकडे तोंड केलं. फुलं नव्हती. काटेरी वेलींवर काळ्या बेऱ्यांचे घोस पिकले होते. एक तोडून तोंडात टाकली, मग दुसरी. पाठीमागे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग सायकलच्या चाकाची टिकटिक सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. वळून पाहिलं तर आप्पा दोन्ही दांडे पार करून रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांचा चेहरा घामाने चमकत होता.

“एक झालं,” ते म्हणाले. “अशी किती आहेत?”

मला माहीत नव्हतं. नेमकी हीच गोष्ट आमच्या हिशेबातून सुटली होती.

हा हिशेब तुलूजमधल्या आमच्या स्वयंपाकघरात झाला होता. हृषी, माझा नवरा, तिथे विमानांचे पंख तपासायच्या कामावर होता आणि मी मातीतल्या जीवाणूंवर संशोधन करत होते. सासूबाई गेल्यापासून आप्पा सांगलीला एकटेच राहत होते. सगळी नोकरी त्यांनी सरकारी गुरांचे डॉक्टर म्हणून केली होती, मिरज आणि तासगावकडची खेडी सायकलवर पालथी घातली होती. त्या वर्षी भर रस्त्यात त्यांचे पाय थिजले आणि एक रिक्षा त्यांना घासून गेली. हृषी पहिल्या विमानाने गेला आणि त्यांना घेऊनच आला. येण्याआधी पुण्याजवळच्या एका वृद्धनिवासात त्यांचं नावही घालून आला. तिथे चोवीस तास मदतनीस होते, दारापासून पलंगापर्यंत धरून नेणारे. फ्रान्सहून परतलं की आप्पांनी थेट तिकडेच जायचं आणि सांगलीचं घर विकायचं, असं ठरलं. आप्पा काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला बरं वाटलं नव्हतं.

मग ऑगस्टमध्ये एका दुपारी आमच्या इमारतीच्या अंगणात शेजारणीची सायकल उभी होती. त्याच दिवशी सकाळी आप्पांना स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर यायला इतका वेळ लागला होता की दूध उतू जाऊन गॅस विझला. अंगणात त्यांनी सायकलच्या हँडलवर हात ठेवला, मला काही कळायच्या आत टांग टाकली आणि अंगणाला फेरी मारली. मग दुसरी. मी खिडकीतून पाहत होते. ज्या माणसाला दार ओलांडता येत नव्हतं तो शेजाऱ्यांच्या गाड्यांमधून सफाईने वळणं घेत होता. मी नंतर त्याबद्दल वाचलं. असं दिसून आलेलं आहे की पायांना चाकाची लय मिळाली की मेंदूतली ती अडलेली जागा बाजूला राहते. पण वाचलेलं वेगळं आणि खिडकीतून पाहिलेलं वेगळं.

त्याच संध्याकाळी आप्पांनी पैज मांडली. तुलूजच्या पूर्वेला डोंगराळ मुलूख आहे. तिथली जुनी आगगाडी बंद पडल्यावर रूळ काढून त्या जागी फक्त सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी वाट केली आहे, असं त्यांनी माझ्या तोंडून कधीतरी ऐकलं होतं.

“मी ती वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईन,” ते म्हणाले. “गेलो तर सांगलीला माझ्या घरी जाणार. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे. तोंड वाकडं करणार नाही.”

“आप्पा, सायकल चालवणं आणि एकटं राहणं यांचा संबंध काय?” हृषीने विचारलं.

“संबंध एवढाच की तुझ्या मते मी आता काहीच करू शकत नाही. एक मोठी गोष्ट करून दाखवतो, म्हणजे लहानसहान गोष्टींवर रोज वाद नको.”

हृषी म्हणाला, “एकट्याने म्हणजे एकट्याने. शुभदा जागोजागी आधार देणार असेल तर त्याला काही अर्थ नाही. कोणी हात लावायचा नाही.”

“मंजूर. साक्षीदार म्हणून मात्र हीच येईल. ही खोटं बोलत नाही.”

“तिला येतच नाही,” हृषी म्हणाला.

त्यानंतर दोन संध्याकाळी त्याने त्या वाटेचे चढउतार तपासले. आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून रेल्वेच्या लोकांनी डोंगर पोखरून, दऱ्यांवर पूल बांधून वाट जवळजवळ सपाट ठेवली होती. धोका चढाचा, आणि चढ तर नाहीच, असं म्हणून त्याने होकार दिला. मीही मान डोलावली. शास्त्र शिकलेल्या दोघांनी मिळून उतार मोजला आणि दर रस्त्याला उतरावं लागेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आप्पांना सायकल चालवण्याची अडचण नव्हतीच. अडचण थांबण्याची होती.

आणि आता फाटकामागून फाटक येत होतं.

पण फाटकांच्या मधली वाट अशी होती की मी आजही डोळे मिटले तर ती दिसते. सप्टेंबर नुकता लागला होता. दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं, त्यांची काटेरी हिरवी फळं वाटेवर पडून फुटलेली. डावीकडे दरी, दरीत नदी, नदीपलीकडे कौलारू खेडं आणि त्याच्यामागे एकावर एक चढत गेलेल्या डोंगररांगा, शेवटची निळसर. एवढ्या डोंगरांतून आम्ही जात होतो आणि पायाला चढ जाणवत नव्हता. मोटारीचा आवाज नाही, धूर नाही. आप्पा पुढे, मी मागे. त्यांच्यासाठी भाड्याने घेतलेली सायकल मधला दांडा खाली असलेली, चढायला सोपी. दुकानात ती पाहिल्यावर ते म्हणाले होते, “लेडीज सायकल. सांगलीत कोणी बघितलं असतं तर.” आता त्याच सायकलवर ते एका हाताने टोपी सारखी करत होते.

समोरून येणारा प्रत्येक सायकलवाला “बोंजूर” म्हणायचा. आप्पा उलट “नमस्कार” म्हणायचे, ठणठणीत आवाजात. एकदा दोन मुली त्याच वेगात पुढे जाता जाता “नामाष्कार” म्हणून गेल्या आणि आप्पांना दिवसभर पुरेल एवढा आनंद झाला.

एका वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. फाटक नव्हतं. कुंपणापलीकडे गायी चरत होत्या, पिंगट रंगाच्या, आणि त्यांच्या डोळ्यांभोवती काळी रेघ होती.

“काजळ घातलंय,” आप्पा म्हणाले. “बघ. आमच्या खिल्लारांनी हे पाहिलं तर रुसून बसतील.”

“किती सुंदर आहेत.”

“सुंदर आहेत, पण गर्विष्ठ. आपल्याकडे ढुंकून बघितलंय का एकीने तरी? आपण दोघं डॉक्टर आहोत हे यांना कोण सांगणार?”

“मी त्यांच्या काय उपयोगाची?”

“तू मातीची डॉक्टर, मी गुरांचा. घरात दोन डॉक्टर, पण माणसाच्या कामाचा एकही नाही.”

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मी आणि आप्पा असे एकत्र कधी हसलो नव्हतो. सांगलीच्या घरी ते बाहेरच्या खोलीत असत, मी आत. जेवताना ते मला अजून एक पोळी घे म्हणत आणि मी नको म्हणत असे. बस, एवढंच आमचं बोलणं.

संध्याकाळी आम्ही जुन्या रेल्वे चौकीदाराच्या घरात उतरलो. मालकीण ओडील नावाची एक जाडजूड, गोड बाई होती. तिने अंगणातून आप्पांची पिशवी उचलली तेव्हा मी घाईने काही बोलणार होते.

“पिशवीला हात लावलेला चालतो,” आप्पा मराठीत म्हणाले.

जेवणाआधी हृषीचा फोन आला.

“पडले?”

“नाही.”

“थिजले?”

“हो.”

“किती वेळा?”

“प्रत्येक फाटकाला.”

फाटक म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. तो म्हणाला, “म्हणजे प्रत्येक रस्ता पायी ओलांडायचा. शुभी, मधेच थिजले तर? समोरून गाडी आली तर?”

“गाड्या फार कमी आहेत. आणि आम्ही थांबून, बघून निघतो.”

“आधार दिलास का कुठे?”

“नाही.”

“देत जा गं,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. मग स्वतःलाच सावरत म्हणाला, “नाही, नको देऊस. ठरलंय तसं. उद्या गाडी घेऊन येऊ का?”

“नको.”

मी फोन ठेवला. ओडीलच्या अंगणात आप्पा खुर्चीत बसून डोंगरावरचा उजेड कमी होताना पाहत होते. काय विचारलं त्याने, हे त्यांनी मला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. फाटकापाशी मी शेजारी उभी राहून, श्वास रोखून त्यांच्या पायांकडे पाहत असले की ते जास्त वेळ अडकत. मी पुढे निघून जाऊन पाण्याची बाटली शोधत असले, बुटाची नाडी बांधत असले की लवकर सुटत. मी मुद्दाम पुढे जायला लागले. आप्पांनीही ते ओळखलं, कारण एका फाटकापलीकडे मला गाठून ते म्हणाले, “तुझी नाडी आज फारच सुटते आहे.”

मला हृषी आठवला. घरी आप्पा दारात अडकले की तो हातातलं काम टाकून धावत यायचा, कोपराला धरून “चला आप्पा, चला, टाका पाऊल” म्हणायचा. जितकं तो म्हणायचा तितके ते घट्ट रुतत. त्यात त्याचं प्रेम होतं. त्याच्या बोटांत भीती होती, आणि ती कोपरातून थेट आप्पांच्या पायांत उतरत असावी.

मग बोगदा आला.

फाटक बोगद्याच्या अगदी तोंडाशी होतं. दांड्यांपलीकडे दगडी कमान, आणि कमानीत काळोख. बोगदा वळणाचा होता, त्यामुळे पलीकडचा उजेड दिसत नव्हता. लांबलांब लावलेले मंद दिवे आणि थंड, ओल्या दगडाचा वास. आप्पा उतरले आणि असे थिजले की या प्रवासात तसे थिजले नव्हते. पाय तर नाहीच, हातही हँडलवरून हलेना.

मी नाडीकडे वाकले. ती बांधून झाली. दुसरी बांधली. मग बाटली काढली. पाणी प्यायले. बाटली ठेवली.

“आप्पा?”

“तपासणीच्या लाकडी खोड्यात जायला नाही म्हणणाऱ्या म्हशीसारखं झालंय,” ते हळूच म्हणाले. “समोर अंधार, बाजूला दांडे. कोण जाईल?”

एवढ्यात मागून घंट्या वाजल्या. सातआठ फ्रेंच मंडळी होती, सगळी साठीपुढची, रंगीत जाकिटं घातलेली. थांबली, “बोंजूर” म्हणाली. वाट अडली होती, पण कोणी कुरकुर केली नाही. त्यांच्यातला एक उंच, पिवळ्या जाकिटातला माणूस आप्पांकडे पाहून काय ते समजला, सायकल उभी करून पुढे आला आणि मी “थांबा, हात लावू नका” हे शब्द फ्रेंचमध्ये जुळवेपर्यंत त्याने आप्पांचा दंड धरून प्रेमाने पुढे ओढलं.

आप्पांचं शरीर पुढे गेलं, पाय गेले नाहीत. ते गुडघ्यांवर पडले, मग तळहातांवर. सायकल त्यांच्या पाठीवर कलंडली.

तो माणूस आणि मी, दोघांनी मिळून त्यांना उठवलं. मीसुद्धा हात लावला. गुडघ्यांवर पडलेल्या माणसापुढे पैज आठवत नाही. उभे राहिल्यावर मात्र ती दोघांनाही आठवली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. त्यांच्या डाव्या तळहाताचं सालटं निघालं होतं.

पिवळ्या जाकिटातल्या माणसाचा चेहरा पांढरा पडला होता. तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता. कुणीतरी पट्टी काढली, कुणी पाणी. आप्पांनी हात धुऊन घेतला आणि मला म्हणाले, “त्याला सांग, मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी अडलेल्या म्हशीला दोर लावून ओढलं होतं. ती माझ्या अंगावर बसली. त्या मानाने मी नुसता पडलो, याच्या अंगावर बसलो नाही.”

मी सांगितलं. एक बाई हसली आणि मग सगळेच. तो माणूसही हसला, डोळे पुसत.

“आता त्यांना म्हणावं, तुम्ही सगळे पुढे व्हा,” आप्पा म्हणाले. “तूही जा. कळप पुढे गेला की मागचं जनावर आपसूक येतं. उगाच तिथे घुटमळू नकोस.”

“एकटे?”

“एकटाच म्हणालो होतो ना मी.”

मी फाटक पार केलं, सायकलवर बसले आणि मागे न पाहता बोगद्यात शिरले. पुढे त्या लोकांचे लाल दिवे हलत होते आणि बोलणं दगडांवर आपटून मोठं होऊन येत होतं. त्यांच्या घंट्यांचा आवाज पुढे पुढे गेला. मला मागे पाहायचं होतं. ते किती कठीण होतं हे मला शब्दांत सांगता येणार नाही. पाहिलं नाही.

पलीकडे लख्ख ऊन होतं. ती सगळी मंडळी थांबली होती. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण एकही जण निघेना. कुणी झाडाला टेकून उभा होता, कुणी सफरचंद कापत होतं, आणि बोगद्याच्या तोंडाकडे कोणीही थेट पाहत नव्हतं. ते सगळं मला तेव्हा एखाद्या मोठ्या सौजन्याच्या धड्यासारखं वाटलं. वेळ गेला. सफरचंद संपलं. मग आतून घंटीचा आवाज आला, एकदा, मग सारखाच, पोरं वाजवतात तसा. वळणावरून एक दिवा पुढे आला आणि आप्पा उजेडात बाहेर पडले, चांगल्या वेगात, पट्टी बांधलेला हात हँडलवर, आणि आम्हा सर्वांच्या मधून, न थांबता, “नमस्कार” म्हणत निघून गेले.

पिवळ्या जाकिटाने टोपी काढून हवेत हलवली. मी घाईघाईने सायकल घेऊन मागे लागले. बऱ्याच पुढे जाऊन त्यांना गाठलं तेव्हा म्हणाले, “थांबलो असतो तर पुन्हा निघता आलं नसतं. ते लोक काय म्हणतील असं नको वाटून घेऊ.”

“ते काही म्हणणार नाहीत.”

“चांगली माणसं आहेत.”

त्या संध्याकाळच्या मुक्कामी जेवताना आप्पांनी स्वतःच विषय काढला.

“हृषीला काय सांगणार?”

“जे झालं ते.”

“हं.” त्यांनी पावाचा तुकडा मोडला. “म्हणूनच तर मी तुला साक्षीदार घेतलं. पण आज त्याच्याशी मी बोलतो फोनवर. तू नको. उद्या समोरासमोर सांगीन. अशा गोष्टी फोनवर सांगितल्या की माणूस रात्रभर जागा राहतो.”

“आप्पा, पण ते तुम्ही मागितलं नव्हतं. कोणीतरी आपणहून...”

“हात लागला की लागला. पाहा, मी हरलो तरी मला एवढं कळलं आहे की बोगद्यातून मी येऊ शकतो. ते माझं मला पुरेसं आहे.” थोडा वेळ ते जेवत राहिले. “पुरेसं नाही खरं तर. पण आहे ते आहे.”

त्यांना घर हवं होतं, हे मला त्या वाक्यात जितकं कळलं तितकं आधी कधी कळलं नव्हतं. पैज मांडताना ते ऐटीत बोलले होते. आता त्यांचा आवाज साधा होता.

शेवटचा दिवस सगळा हलक्या उतरणीचा. एका उंच दगडी पुलावरून वाट दरी ओलांडते. खाली झाडांचे शेंडे, त्यांच्यावरून उडणारे पक्षी आपल्याला वरून दिसतात. आप्पा पुलाच्या मधोमध पॅडल मारायचं थांबले आणि सायकल आपल्या आपण वाहू दिली. मागून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि वाऱ्याने फुगलेला सदरा. मला वाटलं, मिरजेच्या रस्त्यावर, तीस वर्षांचे असताना, पिशवीत औषधं घेऊन हे असेच जात असतील. कुठल्यातरी गोठ्यात कोणीतरी कंदील घेऊन त्यांची वाट पाहत असेल. हे मला कोणी तोपर्यंत सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

वाट संपते तिथे जुनं स्टेशन आहे. त्याचं आता कॅफे झालं आहे, पुढे खुर्च्या मांडलेल्या. मोटारी उभ्या करायच्या जागेत हृषी आमच्या गाडीला टेकून उभा होता. त्याने आम्हाला लांबून पाहिलं. पण त्याने हात केला नाही, आणि जवळ गेल्यावर मला कळलं का. त्याने आप्पांना ओळखलंच नव्हतं. निदान पहिल्या क्षणी तरी नाही. झाडांच्या सावलीतून कोणीतरी उताराने येत होतं, एका हाताने टोपी धरून, आणि आपले वडील असे येऊ शकतात हे त्याच्या मनातच नव्हतं. मग त्याने ओळखलं. तो गाडीपासून दूर झाला, दोन पावलं पुढे आला आणि थांबला. त्याचं तोंड किंचित उघडं होतं.

आप्पा फाटकापाशी उतरले. ते शेवटचं फाटक. त्यांनी दांड्यांपलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं.

“हरलो बाबा,” ते म्हणाले. “काल बोगद्यापाशी हात लागला. एका फ्रेंच माणसाचा, आणि हिचाही. पडलो, तेव्हा उचललं दोघांनी. हिला सांगावं लागू नये म्हणून मीच सांगतो. निवासात कधी जायचं ते बघ.”

हृषीने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

मग आप्पांनी निघायचा प्रयत्न केला आणि पाय थिजले. टाचा उचलल्या, पडल्या. गुडघे थरथरायला लागले. कॅफेतली दोनचार माणसं वळून बघू लागली. हृषी झटकन पुढे आला, दोन्ही हात पसरून, घरी यायचा तसाच. त्याचे हात आप्पांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर आले.

हात लावू नकोस, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

आप्पांनी त्या हातांकडे पाहिलं नाही. ते दांड्यांमधल्या फटीकडे पाहत होते. हृषी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता, अगदी जवळून, आणि त्याने काय पाहिलं ते मला माहीत नाही. त्याने हात मागे घेतले. दोन्ही हात पाठीमागे धरले, घट्ट, एकाने दुसऱ्याचं मनगट पकडून. मग त्याने तोंडही वळवलं, समोरच्या डोंगराकडे.

“गप्प नको उभा राहूस,” आप्पा म्हणाले. “पोलीस पंचनाम्याला आल्यासारखं वाटतं. बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही.”

हृषी डोंगराकडे पाहत राहिला. मग तो कामाचं बोलावं तसं बोलू लागला. “सांगलीच्या घरात बरंच करावं लागेल. न्हाणीघरात भिंतीला दांडे बसवायचे. आणि मधल्या खोलीच्या दाराचा उंबरा काढून टाकू. तुम्ही नेहमी तिथेच अडकता.”

मी सायकलचं हँडल घट्ट धरलं.

“उंबरा नको काढू,” आप्पा म्हणाले. “उंबरा दिसला की पायाला कळतं, हे ओलांडायचं आहे. दार रुंद कर.”

“किती रुंद?”

“म्हैस जाईल एवढं.”

हृषी हसला, तोंड डोंगराकडेच ठेवून. आणि आप्पांचा उजवा पाय जमिनीवरून सुटला.